सोलोमधली गप्प जागा

चुळबुळे हे त्यांचं खरं आडनाव नव्हे. दातांच्या कवळ्या बनवणाऱ्या लॅबमध्ये ते तरुणपणी कामाला लागले आणि पहिल्याच आठवड्यात तिथल्या कोणीतरी ते त्यांना चिकटवलं. पुढे ते इतकं रुळलं की एका नव्या दंतवैद्याने साच्याच्या डब्यावर ‘श्री. चुळबुळे यांना द्यावे’ असं लिहून पाठवलं. चुळबुळ्यांनी डबा घेतला, सही केली आणि पाय हलवत कामाला बसले. तक्रार कोणत्या तोंडाने करणार? माणूस खरोखरच एका जागी ठरत नसे. बसले की गुडघा हलायचा, उभे राहिले की टाच. फोनवर बोलताना घरभर येरझाऱ्या. न्हावी कात्री हातात घेण्याआधीच सांगायचा की साहेब, कान तुमचा आहे, तुम्हीच सांभाळा. घरातल्या एकाही फोटोत त्यांचा चेहरा धड आलेला नाही. लग्नाच्या फोटोतसुद्धा बायको ठसठशीत आहे आणि शेजारी थोडं धुकं आहे.

त्यातही डावा हात जास्त नाठाळ. त्याची बोटं कायम कशावर तरी काहीतरी दाबत असायची, कधी टेबलाच्या कडेवर, कधी छत्रीच्या दांड्यावर, आणि टीव्ही बघताना बायकोच्या मनगटावर. बायकोने लग्नानंतर बरेच दिवस ते प्रेम समजून चालू दिलं. मग तिच्या लक्षात आलं की हे प्रेमबीम काही नाही, नवरा आपल्या हातावर गिटारचा सोलो वाजवतोय. तेव्हापासून सोलो फार लांबला की ती आपला हात काढून घेते आणि तिथे उशी सरकवते. चुळबुळ्यांना फरक कळत नाही.

सोलो अर्थातच बुवांचा. हे बुवा म्हणजे दूरदेशीचा एक रॉक गिटारवाला, केस खांद्यापर्यंत, शर्टाची निम्मी बटणं उघडी. त्याला बुवा म्हणायला सुरुवात केली ती चुळबुळ्यांच्या मित्राने. हा मित्र पोटासाठी लिफ्ट दुरुस्त करतो आणि हौसेसाठी ड्रम बडवतो, म्हणून सगळे त्याला लिफ्टवाला म्हणतात. तरुणपणी दोघांनी ते वादन पहिल्यांदा ऐकलं तेव्हा लिफ्टवाला म्हणाला होता की हा माणूस वाजवत नाहीये, गातोय, म्हणजे हा बुवाच. ते नाव राहिलं ते राहिलंच.

आणि बुवा गायचेच. इतर गिटारवाले सुरावर बोट ठेवून मोकळे होतात. बुवा सूर गाठायला निघायचे. तार दाबून वर ढकलत न्यायची, सूर जिथे पोचायचा त्याच्या जरासं अलीकडे त्याला अडवून धरायचं, ऐकणाऱ्याचा जीव टांगणीला लावायचा आणि मग अगदी सावकाश वर सोडायचं. एखादा सूर असा थरथरवायचे की रडून झाल्यावर लहान मूल हुंदके देत देत शांत होतं, तसा तो विझायचा. शब्द एकही नाही, तरी ऐकताना वाटायचं की कोणीतरी आपल्याला बाजूला घेऊन काहीतरी खाजगी सांगतंय. चुळबुळ्यांना ते फार भिडायचं, कारण त्यांना स्वतःला कधी कोणाला काही नीट सांगता आलं नाही. बोलायला लागले की एक वाक्य अर्ध्यावर टाकून दुसरं धरायचे, आणि समोरचा म्हणायचा, बरं बरं, समजलं.

पण त्यांचा खरा जीव होता तो एका जागेवर. बुवांच्या एका जुन्या मैफलीची कॅसेट त्यांच्याकडे होती. कवळ्यांचं काम शिकायला ते दुसऱ्या गावी वसतिगृहात राहिले होते, तेव्हा घरून पार्सल आलं. त्यात स्वेटर होता, टॉवेल होते आणि ही कॅसेट होती. लिफ्टवाल्याने ती एका दुकानातून कॉपी करून घेतली होती आणि पार्सल निघायच्या गडबडीत स्वतःही न ऐकता चुळबुळ्यांच्या घरी नेऊन दिली होती. ती मैफल दुसरीकडे कुठे मिळत नव्हती. पुढची सगळी वर्षं दोघांनी मिळून तीच एक कॅसेट ऐकली.

तिच्यातल्या सोलोत बुवा चढत चढत जातात, ड्रम तापलेले, लोक नुसते ओरडताहेत, आणि अचानक ‘टक्’. सगळं बंद. गिटार बंद, ड्रम बंद, हजारो माणसं चिडीचूप. त्या शांततेत एक श्वास ऐकू येतो, नाकाने घेतलेला, खोल, काही बोलायच्या आधी माणूस घेतो तसा. त्यानंतर काहीच नाही. ते काहीच नाही बराच वेळ चालतं. मग परत ‘टक्’, आणि काळजात घुसणारा सगळ्यांत वरचा सूर.

चुळबुळ्यांनी या जागेचा अभ्यास केला होता. ‘टक्’ म्हणजे गिटारचा आवाज तोडायला बुवांनी पायाने दाबलेलं बटण. श्वास अर्थात बुवांचा, माइक जवळ असणार. आणि एवढा समुदाय क्षणात गप्प होतो, याहून मोठा पुरावा कोणता हवा? लॅबमध्ये मेणात दात बसवता बसवता ते शेजारच्यांना सांगायचे की वाजवता सगळ्यांना येतं, थांबता कोणाला येत नाही, बुवांना येतं. गंमत म्हणजे ती जागा आली की चुळबुळे स्वतः थांबायचे. गुडघा थांबायचा, टाच थांबायची, डावा हात मांडीवर पडून राहायचा. बायको म्हणायची की हे एवढंच वेगळं काढून द्या, जेवताना लावत जाईन.

लिफ्टवाल्याची मात्र एक तक्रार होती. मोजणी बसत नव्हती. थांबल्यानंतर बुवांचा बँड जिथे परत येतो ती जागा ना तालात ना तालाबाहेर, मध्येच कुठेतरी लोंबकळते. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये अडकली की कशी वाटते, तसं होतं म्हणायचा. चुळबुळे म्हणायचे, बुवांना तुझी मोजणी बांधून ठेवत नाही. मग त्यांच्या तिघांच्या हौशी बँडच्या सरावात तोडगा निघाला, तिथे गिटार चुळबुळ्यांची. ती जागा आली की लिफ्टवाला आणि बेस गिटार वाजवणारा बँकवाला, दोघांनी मोजायचं सोडून चुळबुळ्यांच्या उजव्या खांद्याकडे बघायचं. खांदा हलला की सुटायचं. इतकी वर्षं तो सोलो असा खांद्यावर चालला.

एकदा सराव संपवून वायरी गुंडाळताना लिफ्टवाला सहज बोलून गेला.

“इतकी वर्षं बुवांचं पाठ म्हणतोयस. तुझं स्वतःचं एखादं वाक्य आहे की नाही?”

चुळबुळ्यांनी हसण्यावारी नेलं. बुवांनी सगळं सांगून ठेवलंय, आपण कशाला तोंड उघडायचं, असं काहीतरी म्हणाले. पण ते मनाला लागलं. खरंच नव्हतं एकही. गिटार हातात घेऊन आपल्या मनाने दोन सूर वाजवायला गेले तरी बोटं बुवांच्या वाटेने निघून जायची. आपल्याकडे सांगण्यासारखं काही नाहीच की काय, या विचाराने ते चार-आठ दिवस बेचैन होते. म्हणजे नेहमीपेक्षा जास्त.

तेवढ्यात दंतवैद्यांच्या वार्षिक संमेलनाचं आमंत्रण आलं. लॅबच्या मालकांनीच नाव सुचवलं होतं. तोवर हा बँड वाजला तो ओळखीच्यांच्या वाढदिवसांना आणि एकदा एका लिफ्टच्या उद्घाटनाला. आता मोठं सभागृह, खरा रंगमंच, प्रकाशाची व्यवस्था. चुळबुळ्यांनी ठरवून टाकलं की बुवांचा तो सोलो वाजवायचा, आणि ती जागा एवढ्या लोकांपुढे घ्यायची. लॅबमध्ये त्यांनी सगळ्यांना बजावून ठेवलं की त्या वेळी टाळ्या वाजवू नका, वीज गेली असं समजू नका, नुसते ऐका.

संमेलनाला थोडे दिवस असताना मुलगी सुट्टीवर घरी आली. ती दुसऱ्या शहरात फिजिओथेरपिस्ट आहे, लोकांचे आखडलेले खांदे आणि गुडघे हलते करते. बापाला ती नेहमी सांगते की सगळे तुझ्यासारखे असतील तर माझा धंदाच बसेल. या वेळी तिने बापासाठी भेट आणली होती. त्या मैफलीचं मूळ ध्वनिमुद्रण कोणीतरी साफसूफ करून इंटरनेटवर टाकलं होतं. तिने चांगले स्पीकर जोडले, बाबांना मध्यभागी बसवलं आणि लावलं.

काय आवाज होता! कॅसेटवर जे मातीतून ऐकू यायचं ते आता समोर उभं होतं. चुळबुळ्यांचे डोळे भरून आले. सोलो चढत गेला, ड्रम तापले, लोक ओरडायला लागले. चुळबुळ्यांनी गुडघा थांबवला, हात मांडीवर टाकला, श्वास रोखला. आणि बुवा थांबलेच नाहीत. एक सूर संपत नाही तोच दुसरा त्याच्या अंगावर, तिसरा दुसऱ्याच्या पाठीवर, नुसती धावाधाव, खाली-वर, वर-खाली, आणि लोक बेभान होऊन किंचाळताहेत. मग तो वरचा सूर आला, पण तो आता रांगेतला एक होता.

“बाबा, तुझी ती जागा यायची आहे ना अजून?” मुलगी म्हणाली.

“गेली,” चुळबुळे म्हणाले.

त्यांनी माळ्यावरून जुना टेपरेकॉर्डर काढला. कॅसेट लावली, मग मुलीचं लावलं, परत कॅसेट. शंकेला जागाच नव्हती. ‘टक्’ हे बुवांच्या पायाखालचं बटण नव्हतं. कोणीतरी टेपरेकॉर्डरवर रेकॉर्डचं बटण दाबलं होतं, आणि मग बंद केलं होतं. मधलं सगळं पुसलं गेलं होतं. हजारो माणसं गप्प झाली नव्हती, त्यांच्या तोंडात बोळा कोंबला होता.

लिफ्टवाल्याला दोन्ही ऐकवून सांगितलं तर तो आधी पोट धरून हसला. मग म्हणाला, तरीच. मग बोटांवर मोजून पुन्हा म्हणाला, तरीच. मोजणी अगदी चोख बसत होती. इतक्या वर्षांनी आपणच बरोबर होतो याचा त्याला एवढा आनंद झाला की समोर मित्राचं तोंड पडलंय हे त्याला दिसेना. चुळबुळ्यांनी मग सगळा राग त्याच्यावर काढला. कुठल्या फडतूस दुकानात कॉपी केलीस, निदान एकदा ऐकून तरी द्यायची, आयुष्यभर मला येड्यात काढलंस. लिफ्टवाला म्हणाला की एक तर मी तुला कॅसेट दिली, वर मलाच ऐकवतोस. दोघं तिथून उठले ते एकमेकांकडे न बघता.

पुढचे दिवस फार वाईट गेले. चुळबुळ्यांना ना बसवत होतं ना उभं राहवत होतं. घरात या खोलीतून त्या खोलीत जायचे आणि कशाला आलो ते विसरायचे. बायकोने विचारलं काय झालंय, तर म्हणाले काही नाही, आणि पुन्हा स्वयंपाकघरात फेरी. लॅबमध्ये त्यांनी एका कवळीत उजवा सुळा डावीकडे आणि डावा उजवीकडे बसवला. ती कवळी तशीच पॉलिश होऊन गेली. दंतवैद्यांचा फोन आला की पेशंट हसले की कोणावर तरी चिडल्यासारखे दिसतात. असली चूक त्यांच्या हातून शिकाऊ असतानाही झाली नव्हती.

एका सुट्टीच्या दिवशी त्यांनी हट्टाने दार लावून घेतलं आणि तो पुसलेला भाग शिकायला बसले. वाटलं होतं, झेपणार नाही. पण बोटं सरसर धावली. दुपारपर्यंत सगळं हातात आलं, आणि त्याने ते जास्तच खट्टू झाले. ही धावाधाव त्यांना जन्मापासून पाठ होती. टेबलाच्या कडेवर, उशीवर, बायकोच्या मनगटावर त्यांची बोटं दुसरं करत काय होती? म्हणजे बुवाही आपल्यातलेच, त्यांनाही क्षणभर गप्प बसवत नव्हतं. ज्या एका गोष्टीसाठी या माणसाला डोक्यावर घेतलं, ती त्याच्याकडे कधी नव्हतीच. मग तो श्वास कोणाचा होता? हे काही केल्या डोक्यातून जाईना.

संध्याकाळी ते टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन बाहेरच्या खोलीत बसले होते. आई समोर वाळलेले कपडे घड्या घालत होती. आई त्यांच्याकडेच राहते, कान तल्लख, जीभ त्याहून तल्लख. मुलाच्या संगीताला ती डबे आपटणं म्हणते.

“ही तीच ना, नानांनी पाठवलेली?” तिने विचारलं.

नाना म्हणजे चुळबुळ्यांचे वडील. ते जाऊन बरीच वर्षं झाली होती. चुळबुळे म्हणाले की ही लिफ्टवाल्याने दिलेली, गाण्यांची. आई म्हणाली, गाण्यांचीच ती, पण तिच्यावरच नाना बोलले होते ना तुझ्याशी.

मग तिने टॉवेलच्या घड्या घालता घालता सांगितलं. त्या काळी परगावी गेलेल्यांना घरची माणसं कॅसेटवर बोलून पाठवायची. पत्र लिहायचा कंटाळा, फोन महाग, आणि आवाज ऐकला की बरं वाटतं. मावशीकडून तशा यायच्या. नाना पाणीपुरवठ्याच्या कचेरीत नळांचे नकाशे काढायचे, आणि दिवसभरात जितक्या रेघा मारायचे तितके शब्द वर्षात बोलायचे नाहीत. पार्सल भरताना आईने त्यांच्या मागे लकडा लावला की पत्र नाही तर नाही, निदान दोन शब्द बोला पोराशी. घरात दुसरी कॅसेट नव्हती. आईने तीच थोडी पुढेमागे करून बघितली, नुसता गोंगाट होता, त्यातला थोडा पुसला गेला तर कोणाचं काय बिघडणार होतं. नाना टेपरेकॉर्डर घेऊन आतल्या खोलीत गेले आणि दार लावलं. थोड्या वेळाने बाहेर येऊन म्हणाले, झालं.

“मी कधी विचारलं नाही,” आई म्हणाली. “म्हटलं, बापलेकांचं आहे. काय म्हणाले होते रे?”

चुळबुळ्यांनी कॅसेट मागे नेली आणि लावली. बुवांची गिटार कोकलायला लागली, तशी आईने तोंड वाकडं केलं, पण बसून राहिली. मग ‘टक्’ झालं. तो श्वास आला. आईचा हात टॉवेलवर जिथल्या तिथे थांबला. परत ‘टक्’ होईपर्यंत दोघांपैकी कोणीही हललं नाही.

“हेच,” आई म्हणाली. “बोलायच्या आधी असाच श्वास घ्यायचे. आणि मग बोलायचेच नाहीत.”

ती हसली आणि त्याच टॉवेलने तिने डोळे पुसले.

चुळबुळ्यांना आठवलं, घरी असताना ते मुद्दाम दार उघडं ठेवून वाजवायचे. बाहेर नाना पेपर वाचत असायचे. छान वाजवतोस म्हणतील, नाहीतर बंद कर ती कटकट म्हणतील, काहीतरी म्हणतील. नाना पेपरचं पान उलटायचे. या माणसाला आपल्याशी बोलण्यासारखं काही वाटतच नाही, असं त्यांनी मनाशी पक्कं धरलं होतं, आणि नाना गेले तेव्हाही ते तसंच होतं. आणि तो माणूस दार लावून, बटण दाबून, आपल्यासाठी श्वास घेऊन बसला होता. आपण तो श्वास हजार वेळा ऐकला, त्याच्यापुढे हातपाय आवरून बसलो, लोकांना बोलावून बोलावून ऐकवला. चुळबुळ्यांना इतकं भरून आलं की ते उठून खिडकीपाशी गेले, तिथून दारापाशी आणि परत येऊन आईच्या पायाशी बसले.

“काय बोलायचं असेल गं त्यांना?”

“दुसरं काय? जेवलास का. मला रोज तेच विचारायचे, तो जेवत असेल ना वेळेवर. तू गेल्यावर त्यांना तेवढं एकच सुचायचं.”

दुसऱ्या दिवशी चुळबुळे लिफ्टवाल्याला शोधत गेले. तो एका जुन्या इमारतीत, लिफ्टचं दार उघडं टाकून जिन्यावर बसला होता, हात तेलाने काळे. चुळबुळे त्याच्या खालच्या पायरीवर बसले आणि जमेल तसं सांगितलं, मध्येच एक वाक्य सोडून दुसरं धरत. लिफ्टवाल्याने नाना पाहिले होते. त्याने हातातला पाना पुसून पायरीवर ठेवला. मग त्याने विचारलं की म्हणजे ती जागा ठेवायची ना.

चुळबुळ्यांनी मान हलवली.

“किती लांब?”

“माहीत नाही.”

“मग मी परत कधी येऊ? खांदा बघून?”

“खांदा नको. मी बोलायला लागलो की ये.”

लिफ्टवाल्याला ते काही नीट कळलं नाही, पण त्याने वाद घातला नाही. उठताना त्याने आपला काळा हात चुळबुळ्यांच्या स्वच्छ शर्टाच्या पाठीवर ठेवला आणि तो डाग पुढे कधी गेला नाही.

संमेलनाच्या दिवशी सभागृह गच्च भरलं होतं. दंतवैद्य, त्यांच्या बायका, नवरे, मुलं, मागच्या बाजूला खाण्याचं टेबल आणि तिथली कुजबुज. पहिल्या रांगेत आई, बायको आणि मुलगी. आईने येताना कानात कापूस घातला होता आणि तो कोणाला दिसू नये म्हणून डोक्यावरून पदर घेतला होता. लॅबची मंडळी एका बाजूला, टाळ्या न वाजवण्याच्या तयारीत.

पहिली दोन गाणी बरी झाली. चुळबुळे रंगमंचावर इतके हलत होते की दिवेवाला त्यांच्यामागे प्रकाश फिरवून दमला. मग तो सोलो सुरू झाला. सगळं बुवांचं, जसंच्या तसं, तारा ओढून, सूर अडवून, सोडून. लोक बोलायचे थांबून ऐकायला लागले. ड्रम तापले. चुळबुळे चढत गेले, चढत गेले आणि त्यांनी डावा हात उचलून तारांवर आडवा ठेवला. लिफ्टवाल्याने काठ्या आवरल्या. बँकवाल्याने बेस दाबून धरला.

चुळबुळे हलले नाहीत. गुडघा नाही, टाच नाही. मागच्या टेबलाशी एक चमचा बशीत वाजला, मग तोही थांबला. ध्वनीची व्यवस्था बघणारा माणूस वाकून वायरी तपासायला लागला. लॅबमधल्या एकाने त्याला दंडाला धरून बसवलं. शांतता लांबत गेली, चमत्कारिक वाटेपर्यंत लांबली. चुळबुळ्यांनी नाकाने खोल श्वास घेतला, तो माइकमधून सभागृहभर गेला, आणि पहिल्या रांगेत आईने मान वर केली.

त्यांचं बोट वरच्या सुरावर तयार होतं. कॅसेटवर या जागी तोच यायचा, आणि आजवर प्रत्येक वेळी तोच आला होता. चुळबुळ्यांनी बोट उचललं. हात खाली आला, जाड तारेवर, जिथे बुवा सोलोत कधी गेले नाहीत. तिथे त्यांनी दोन सूर वाजवले, हळू, न ओढता, घरातल्या घरात बोलावं तसे.

जेवलो, नाना.

लिफ्टवाला आलाच नाही. काठ्या मांडीवर ठेवून तो ऐकत राहिला. चुळबुळ्यांनी तिसरा सूर घेतला, चौथा घेतला. आई बरी आहे, गुडघे दुखतात पण ऐकत नाही. नात लोकांचे हातपाय सरळ करते. मी कवळ्या करतो, चांगल्या करतो, परवा एक बिघडवली. त्यांनी तार ओढली आणि ती कुठे थांबवायची हे त्यांना पहिल्यांदाच माहीत नव्हतं. ती हव्या त्या सुराच्या थोडी पुढे गेली, बेसूर झाली, तशीच त्यांनी राहू दिली. तुम्ही दार लावून बसला होतात, मला कळलं नाही, मी उगाच इतकी वर्षं. ते अर्ध्यावर सोडून त्यांनी दुसरं धरलं. तेव्हा कुठे मागून झांजेवर हलकेच काठी फिरली, लिफ्टवाला आला, मग बेस आला, आणि चुळबुळ्यांची टाच पुन्हा हलायला लागली. कार्यक्रमाची वेळ होऊन गेली होती. पडद्याआडून संयोजक आवरा आवरा म्हणून हात हलवत होते, आणि त्यांना अजून खूप सांगायचं होतं.